गुपिताची हमी: मांडण्यांच्या मोजणीपासून सिद्धतेपर्यंतचा मागोवा

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला, वैनगंगेच्या काठी, जगन्नाथ टेकडी म्हणून एक टेकडी आहे. १९६९-७० साली शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन झाले आणि इसवी सनापूर्वीच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांचे छोटे छोटे ब्राह्मी लेख आहेत. त्यांत लपवण्यासारखे काही नव्हते, उलट येणाऱ्या-जाणाऱ्याने ते वाचावेत म्हणूनच ते कोरले होते. तरी मध्ये कित्येक शतके अशी गेली की ब्राह्मी वाचणारा एकही माणूस या देशात उरला नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप सांचीच्या स्तूपावरच्या अशाच आखूड लेखांचे ठसे पाहत होता. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, हे त्याच्या ध्यानात आले. स्तूपावर शेवटी काय लिहिलेले असणार? ‘दानं’. या दोन अक्षरांच्या आधाराने सारी ब्राह्मी वर्णमाला उलगडली आणि पुढे पवनीचे दगड वाचता आले ते त्याच बळावर. आपल्या विषयाच्या दारातच हा प्रसंग ठेवण्याचे कारण असे की, जे वारंवार येते ते स्वतःला उघडे करते, हा नियम उघड्या लेखाला लागू आहे तसाच लपवलेल्या लेखालाही. अक्षरांची अदलाबदल करून मजकूर लपवण्याची कला फार जुनी आहे. पण त्या अदलाबदलीची हमी कोण देतो आणि किती देतो, हा प्रश्न माणसाने नीट विचारायला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

या कलेचा आपल्याकडचा आरंभ राजनीतीत सापडतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांच्या बातम्या संज्ञालिपीतून पोहोचवाव्यात असे सांगितले आहे. ती लिपी कशी होती याचा तपशील मात्र तिथे नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत ‘अक्षरमुष्टिकाकथन’ आणि ‘म्लेच्छितविकल्प’ या दोन कला शेजारी शेजारी येतात. पहिलीचे धागे आपल्या करपल्लवीशी, म्हणजे हाताच्या खुणांनी बोलण्याशी, जुळतात. दुसरी म्हणजे शब्द परक्याला न कळावेत म्हणून अक्षरे बदलून बोलणे-लिहिणे. तेराव्या शतकात यशोधराने कामसूत्रावर ‘जयमंगला’ ही टीका लिहिली आणि या कलेच्या काही पद्धती प्रथमच नियमासह नोंदवून ठेवल्या. त्यांतल्या मूलदेवीय पद्धतीत अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या आहेत: अ आणि क, ख आणि ग, च आणि ट, त आणि प, न आणि म, य आणि श, अशा. जोडीतल्या एकाच्या जागी दुसरे लिहायचे. आपण ‘नमन’ हा शब्द घेऊ. त्याचा होतो ‘मनम’. त्यावर तोच नियम पुन्हा चालवला की ‘नमन’ परत हाती येतो. लपवायला आणि उघडायला एकच नियम पुरतो, ही जोड्यांची मोठी सोय. पण ‘मनम’कडे जरा थांबून पाहा. मूळ शब्दात पहिले आणि तिसरे अक्षर सारखे होते, बदललेल्या शब्दातही ते सारखेच राहिले. अक्षराचा चेहरा बदलला, शब्दाचा सांगाडा जसाच्या तसा राहिला. शिवाय इथे किल्ली अशी निराळी नाहीच. नियम कळला की सगळे कळले. महाराष्ट्रातली मुले पिढ्यान्‌पिढ्या जी ‘च’ची भाषा बोलत आली, तिची हमीही एवढीच. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी ठेवायचे आणि त्याच्या जागी च घालायचा, की ‘भंडारा’चा ‘चंडाराभ’ होतो. ऐकणाऱ्याला नियम ठाऊक नाही तोवर गुपित टिकते, पुढे नाही.

अक्षरे बदलण्याची ही कला एका बाजूने चालली होती, तेव्हा दुसऱ्या बाजूने आपल्याच मुलखात मांडण्या मोजण्याचे शास्त्र उभे राहत होते. दोघांची गाठ पडायला पुढची सातशे वर्षे जावी लागली. पिंगलाच्या छंदःशास्त्रापासून लघु-गुरूंचे प्रस्तार मांडण्याची परंपरा होतीच. ११५० साली भास्कराचार्यांनी ‘लीलावती’च्या अखेरीस ‘अंकपाश’ हे प्रकरण लिहिले आणि वस्तूंच्या जागा किती प्रकारे बदलता येतात याचे गणित उदाहरणांसह दिले. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधे एकमेकांत बदलली तर मूर्तीचे किती भेद होतील? उत्तर येते ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांतल्या शंख, चक्र, गदा, पद्मांचे मात्र फक्त २४. हात चाराचे दहा झाले आणि भेद चोविसावरून छत्तीस लाखांवर गेले, या उडीचे आश्चर्य आजही ओसरत नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ स्थापल्याचा १२०७चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, आणि तो प्रकाशात आणला भाऊ दाजी लाड यांनी. त्याच सिंघणाच्या दरबारी कारभाराचे हिशेब पाहणारा एक मोठा अधिकारी होता शार्ङ्गदेव. त्याचे घराणे मूळ काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत आले आणि कुटुंब इथलेच झाले. या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. संगीताचा ग्रंथ म्हणून त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यातल्या स्वरप्रस्ताराच्या भागात हिशेबनिसाची बोटे स्पष्ट दिसतात, आणि आपल्या मागोव्यात त्या भागाला मानाची जागा आहे.

सात स्वर प्रत्येकी एकदाच घेतले तर त्यांच्या ५,०४० मांडण्या होतात. शार्ङ्गदेव एवढे सांगून थांबत नाही. या मांडण्या कोणत्या क्रमाने लिहीत जायच्या याचा नियम तो देतो. सा, रे, ग एवढेच स्वर घेतले तर क्रम असा लागतो: सा रे ग, रे सा ग, सा ग रे, ग सा रे, रे ग सा, ग रे सा. मग तो दोन प्रश्न उभे करतो. मांडणी दिली आहे, तिचा यादीतला क्रमांक कोणता? याला नाव ‘उद्दिष्ट’. क्रमांक दिला आहे, मांडणी पुसली गेली आहे, ती कोणती? याला नाव ‘नष्ट’. सगळी यादी लिहून न काढता दोन्ही उत्तरे मिळावीत म्हणून त्याने ‘खंडमेरू’ नावाचा कोठा आखला आणि त्याच्या घरांत १, २, ६, २४, १२०, ७२० या संख्या व त्यांच्या पटी बसवल्या. कोठ्यावर खडे ठेवायचे, खड्यांखालच्या आकड्यांची बेरीज करायची की क्रमांक मिळतो. तीच कृती उलटी केली की मांडणी मिळते. ५,०४० तानांतली चार हजारावी तान गवयाने कधी मागितली असेल का, हा प्रश्न अलाहिदा. पण कोणत्याही मांडणीला एक संख्या आणि कोणत्याही संख्येला एक मांडणी, हा दुतर्फा पूल देवगिरीच्या दरबारात बांधून तयार होता. १३५६ साली नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त हे शास्त्र आणखी विस्ताराने मांडले. एवढे असून या गणिताचा उपयोग लेखन लपवण्यासाठी झाला असे मात्र कुठे दिसत नाही.

आणि याच यादवकाळात, याच मराठी मुलखात, लेखन लपवण्याची गरज एका पंथाला पडणार होती. तो महानुभाव पंथ. त्याचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी आपल्या एकाकी भ्रमणाच्या काळात वैनगंगेच्या बाजूला आले. भंडारा हे गाव तेव्हाही नाव असलेले होते. रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या, बाराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात ‘भाणार’ असा त्याचा उल्लेख येतो. तिथला नीळभट्ट चक्रधरांच्या मागे निघाला आणि महानुभावांच्या आठवणींत ‘भांडारेकार’ या गावावरून पडलेल्या नावानेच राहिला. चक्रधरांच्या सर्वांत आधीच्या अनुयायांत त्याची गणना होते. स्वामींच्या पश्चात, तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात, म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडूनच विचारून घेऊन लीळाचरित्र सिद्ध केले. नीळभट्टाची कथा आपल्यापर्यंत पोहोचली ती या ग्रंथातून. पुढे देवगिरीवर खलजींच्या स्वाऱ्या झाल्या. पंथाच्या परंपरेनुसार त्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा जुळवली. म्हणून लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ झाले. एकदा ग्रंथ गमावलेल्या या समाजाने चौदाव्या शतकात आपले वाङ्मय सांकेतिक लिप्यांत बंद केले. यांतली सर्वांत प्रसिद्ध ‘सकळ’ लिपी, आणि तिचे कर्तृत्व ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोबासांकडे दिले जाते. सुंदरी, अंक, शून्य, वज्र, सुभद्रा, पारमांडल्य अशी आणखी पुष्कळ लिप्यांची नावे आहेत. पंथातल्या निरनिराळ्या आम्नायांनी, म्हणजे शाखांनी, आपापल्या लिप्या वापरल्या. सकळ लिपीचे तत्त्व मूळचे साधेच होते: देवनागरीच्या एका अक्षरासाठी दुसरे अक्षर किंवा ठरवून दिलेली खूण.

आता हमीचा हिशेब आपण करू. मराठीत क पासून ळ पर्यंत ३४ व्यंजने आहेत. ती एकमेकांच्या जागी हव्या त्या रीतीने बसवायची म्हटली तर भास्कराचार्यांच्या नियमाने किती मांडण्या होतील? १ पासून ३४ पर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार, म्हणजे एक ३९ अंकी संख्या, साधारण २.९५ वर ३८ शून्यांच्या घरातली. आज बँका आणि सरकारी कार्यालये जी प्रमाणभूत कूटपद्धती वापरतात तिच्या १२८ बिटांच्या किल्ल्या किती? तीही ३९ अंकी संख्या, साधारण ३.४० वर ३८ शून्यांची. दोन्ही जवळपास सारख्या! मराठी मुळाक्षरांच्या अदलाबदलीत किल्ल्यांचा साठा आजच्या संगणकी कुलपाइतकाच होता. एकेक किल्ली लावून पाहायची तर आजचा संगणकही त्यापुढे हात टेकेल. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी सकळ लिपीचा उलगडा केलाच. संख्या अफाट होती, हमी नव्हती. सगळ्या मागोव्याचे मर्म मला या एका तुलनेत दिसते.

असे का व्हावे, हे बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकातच सांगून ठेवले होते. त्या भाषेतला साधा मजकूर घ्या, कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजा. लपवलेल्या मजकुरातल्या खुणाही तशाच मोजा, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. त्याचा हा ग्रंथ इस्तंबूलच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितात पडून होता आणि १९८७ साली छापून सर्वांसमोर आला. महानुभाव गद्यात तर ‘सर्वज्ञें म्हणीतलें’ यासारखे ठरीव शब्द पानोपानी येतात. सांचीच्या ‘दानं’ने जे केले ते असे शब्द कोणत्याही अक्षरबदलाच्या लिपीत करू शकतात. तरी सकळ लिपीने पाचशेहून अधिक वर्षे गुपित सांभाळले, ही गोष्ट खरी आहे. माझ्या मते त्याचे श्रेय मांडणीला नाही, माणसांना आहे. पोथ्या मठांत होत्या, वाचन गुरूकडून शिष्याकडे जात होते, आणि बाहेरच्या समाजाने त्या उघडून पाहण्याची तसदी घेतली नव्हती. याची किंमतही फार मोठी होती. एवढे समृद्ध मराठी गद्य मराठीच्याच वाङ्मयेतिहासातून शतकानुशतके बाहेर राहिले, आणि न वाचलेल्या ग्रंथांविषयी बाहेर गैरसमज वाढत गेले. उलगडा झाल्यावर मात्र विदर्भातल्या अभ्यासकांनी जन्म वेचले. यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ साली आले. नागपूरचे ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र भागाभागाने छापायला १९३०च्या दशकात आरंभ केला. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले समग्र लीळाचरित्र १९७८ साली निघाले. लंडनचे मराठीचे अभ्यासक रेसाइड यांनी १९७० साली केवळ सकळ लिपीवर स्वतंत्र लेख लिहिला.

पद्धत लपवून गुपित टिकवायचे नाही, हा विचार युरोपात १८८३ साली स्पष्ट शब्दांत आला. पॅरिसमध्ये भाषा शिकवणाऱ्या ऑगस्ट कर्कहॉफ्सने लष्करी कूटलेखनावर दोन लेख लिहिले आणि अट घातली की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायची ती फक्त किल्ली. मूलदेवीयाच्या काळापासूनची समजूत या एका अटीने उलटी झाली. पण किल्ल्यांची संख्या म्हणजेच सुरक्षितता, हा भ्रम तेवढ्याने गेला नाही, आणि एनिग्मा या कूटलेखन यंत्राच्या रूपाने त्याने जर्मन सैन्याला जबर फसवले. त्या यंत्राच्या पुढच्या पाटीवर तारा जोडून अक्षरांच्या जोड्या बदलता येत. मूलदेवीयाचीच ही रीत, फक्त जोड्या रोज नव्या. आरंभीच्या काळात सहा तारा असत आणि २६ अक्षरांतून अशा सहा जोड्या लावण्याचे प्रकार होतात १०,०३९ कोटींहून अधिक. १९३२ साली पोलंडचा तरुण गणिती मारियन रेयेव्स्की याने मांडण्यांच्या गणितातले एक प्रमेय वापरले. मांडणी लागोपाठ पुन्हा पुन्हा चालवली की अक्षरे साखळ्यांत फिरतात. त्या साखळ्यांची लांबी पाटीवरच्या अदलाबदलीने मुळीच बदलत नाही. साखळीतली अक्षरांची नावे बदलतात, साखळ्या तेवढ्याच लांबीच्या राहतात. ‘नमन’चा ‘मनम’ होताना सांगाडा टिकला तो याच कारणाने. १०,०३९ कोटींचा तो डोंगर रेयेव्स्कीच्या हिशेबातून एका फटक्यात बाजूला पडला.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस क्लॉड शॅननने या सगळ्याला पाया घातला. १९४५ साली त्याने गुप्त अहवाल लिहिला आणि १९४९ साली तो सर्वांसाठी छापला गेला. हमी म्हणजे नेमके काय, हे तिथे प्रथम गणिताच्या भाषेत मांडलेले सापडते. संदेशाइतकीच लांब, पूर्ण स्वैर आणि एकदाच वापरलेली किल्ली असेल तर लपवलेल्या मजकुरातून मूळ मजकुराविषयी काहीच कळू शकत नाही, हे त्याने सिद्ध केले. ही निखळ हमी. शत्रूच्या कुवतीविषयी हिला कोणतेही ‘जर-तर’ नाही. पण संदेशाइतकी लांब किल्ली आधी पोहोचवायची कशी? म्हणून आखूड किल्लीच्या पद्धती हव्यातच, आणि तिथे शॅननचा दुसरा हिशेब कठोर आहे. इंग्रजीतल्या साध्या अक्षरबदलात किल्ल्या २६ अक्षरांच्या मांडण्यांइतक्या, म्हणजे २७ अंकी संख्येएवढ्या. तरी लपवलेली जेमतेम २५ ते ३० अक्षरे हाती आली की त्यांतून अर्थपूर्ण वाचन एकच उरते. भाषेतली पुनरुक्ती किल्ल्यांचा साठा खाऊन टाकते. यावर उपाय म्हणून शॅननने दोन गोष्टी सुचवल्या: किल्ली आणि मजकूर यांचे नाते इतके गुंतवावे की उकलता येऊ नये, आणि मूळच्या एका अक्षरातला बदल सगळ्या मजकुरभर पसरावा. पिठाची कणीक लाटावी, दुमडावी, पुन्हा लाटावी, तसे मजकुराचे मिश्रण व्हावे ही त्यामागची कल्पना.

ही कल्पना प्रत्यक्षात उतरवली आयबीएममधल्या होर्स्ट फाइस्टेलने, १९७०च्या दशकाच्या आरंभी. त्याची युक्ती विलक्षण साधी आहे. मजकुराचे डावा आणि उजवा असे दोन भाग करायचे. उजव्या भागावर किल्लीच्या मदतीने एखादी गुंतागुंतीची क्रिया करून येणारे उत्तर डाव्यात मिसळायचे आणि दोघांच्या जागा बदलायच्या. हा झाला एक फेरा. असे अनेक फेरे. मधली क्रिया उलटवता येत नसली तरी सगळी पद्धत उलटवता येते, कारण उजवा भाग प्रत्येक फेऱ्यात जसाच्या तसा हाती असतो. १९७७ साली अमेरिकेने याच रचनेची, १६ फेऱ्यांची पद्धत डीईएस या नावाने सरकारी प्रमाण म्हणून जाहीर केली. पण फेरे किती पुरेसे, याचे उत्तर तेव्हाही अनुभवाचे होते, सिद्धतेचे नव्हते.

ते उत्तर मायकेल लुबी आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८८ साली दिले आणि इथे आपल्या प्रवासाला खरे वळण मिळते. आधी दोन फेऱ्यांत काय चुकते ते जवळून पाहू. दोन संदेश असे घ्या की त्यांचे उजवे भाग एकच आहेत, डावे मात्र निराळे. पहिल्या फेऱ्यात दोन्ही डाव्या भागांत एकच गोष्ट मिसळली जाते, कारण ती फक्त उजव्या भागावरून ठरते. त्यामुळे डाव्या भागांतला फरक होता तसाच राहतो, आणि दुसऱ्या फेऱ्यानंतर तो उत्तराच्या अर्ध्या भागात उघडा दिसतो. किल्ली न कळताच पाहणाऱ्याला समजते की ही मांडणी, म्हणजे प्रत्येक संदेशाच्या जागी दुसरा बसवणारी अदलाबदल, स्वैर नाही. तिसरा फेरा घातला की हा फरक झाकला जातो. मधल्या क्रिया स्वैर क्रियांपासून ओळखू येत नसतील, तर तीन फेऱ्यांनी होणारी मांडणीही स्वैर मांडणीपासून ओळखू येणार नाही, असे लुबी-रॅकॉफ यांनी सिद्ध केले. शत्रूला दोन्ही दिशांनी नमुने मागता येत असतील तर चार फेरे लागतात. नमुन्यांची संख्या मर्यादेत असावी, हीही अट आहे. म्हणजे ही हमी सशर्त आहे. पण अटी लिहून दिलेल्या आहेत, आणि कोणती अट मोडली तर काय कोसळेल हे आधीच ठाऊक आहे. भास्कराचार्यांनी मांडण्या मोजल्या, रवळोबासांनी मांडणी वापरली. मांडणी किती विश्वासाची आहे याचे प्रमेय १९८८ साली हाती आले.

मोजणीचे महत्त्व त्यामुळे संपले असे नव्हे. डीईएसची किल्ली ५६ बिटांची होती आणि रचना चांगली असूनही ती संख्येत तोकडी पडली. जुलै १९९८मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने खास बांधलेल्या यंत्राने ५६ तासांत एकेक किल्ली लावत कुलूप उघडले. भरपूर किल्ल्या ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. डीईएसच्या जागी २००१ साली बेल्जियमच्या योआन डेमन आणि विन्सेंट रायमेन यांची पद्धत एईएस म्हणून आली. तिच्या पोटात २५६ मूल्यांच्या अदलाबदलीची एक ठरलेली सारणी आहे, आणि ती सगळ्या जगाला छापून दिलेली आहे. सकळ लिपीची सगळी मदार जिच्यावर होती ती अक्षरबदलाची सारणी इथे उघड्यावर मांडली आहे. पण ती दर फेऱ्यात किल्लीशी मिसळते, ओळी सरकतात, रकाने ढवळले जातात, आणि रचनाकारांनी सिद्ध करून दाखवले की कोणत्याही चार फेऱ्यांत फरकाचा माग काढणाऱ्याला ही सारणी किमान २५ ठिकाणी ओलांडावी लागते. प्रत्येक ठिकाणी त्याचा अंदाज खरा ठरण्याची शक्यता फार तर ६४ मध्ये १. असा २५ वेळा गुणाकार झाला की तो माग हरवतो. १२८ बिटांच्या किल्लीसाठी फेरे १० आहेत. ही हमी मागाच्या एका जातीपुरती आहे, सर्व हल्ल्यांविरुद्ध नाही, हेही रचनाकारांनी लपवलेले नाही.

शार्ङ्गदेवाचा पूल या वाटेवर अनपेक्षितपणे पुन्हा भेटतो. सोळा आकडी कार्ड क्रमांक लपवला तर उत्तरही सोळा आकडीच यावे, नाहीतर जुन्या नोंदवह्यांच्या रकान्यात ते मावत नाही. अशा ठरीव आकाराच्या गोष्टी लपवण्यासाठी २००९ साली मिहिर बेल्लारे, फिलिप रॉगवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीत मांडली: गोष्टीला यादीतला क्रमांक द्या, क्रमांक लपवा, आणि नव्या क्रमांकावरून पुन्हा तशीच गोष्ट काढा. पहिली पायरी उद्दिष्ट आणि शेवटची नष्ट! संगीतरत्नाकरातून ही रीत त्यांच्यापर्यंत गेली असे नाही. गणिताला तीच गरज पुन्हा पडली आणि त्याने तोच पूल पुन्हा बांधला. अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने २०१६ साली या कामासाठी फाइस्टेल धर्तीच्या दोन पद्धती मान्य केल्या. पुढच्याच वर्षी एकीवर यशस्वी हल्ला प्रसिद्ध झाला आणि ती सर्वसाधारण वापराला योग्य नसल्याचे संस्थेला जाहीर करावे लागले. यादी लहान असेल तर फाइस्टेल रचनेची हमी पातळ होते, हे लुबी-रॅकॉफ यांच्या अटींतच लिहिलेले होते.

आज भंडाऱ्याच्या रेशन दुकानात यंत्रावर बोट टेकवले की त्या ठशाची माहिती एईएसच्या २५६ बिटांच्या किल्लीने लपवली जाते आणि ती किल्ली स्वतः २०४८ बिटांच्या दुसऱ्या कुलपात बंद होऊन आधारच्या मध्यवर्ती संगणकाकडे जाते. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडाही मांडण्यांच्याच गणितातून येतो. याकोबस व्हर्होफ या डच गणितीने १९६९ साली दिलेली ही पद्धत एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटे पडले तर ते हमखास पकडते. ही हमी शंभर टक्के सिद्ध आहे, पण ती चुकीविरुद्ध आहे, चोराविरुद्ध नाही. मांडणी कोणतीही असो, तिची हमी कोणत्या धोक्याविरुद्ध आणि कोणत्या अटींवर आहे, हे आपण आता विचारायला शिकले पाहिजे. ‘कोट्यवधी वर्षे लागतील’ एवढेच सांगणाऱ्याला सहा तारांचा तो १०,०३९ कोटींचा आकडा दाखवावा.

आणि एक विनंती. विदर्भात अनेक मठांत आणि घरांत सांकेतिक लिप्यांतल्या पोथ्या आजही आहेत. सकळ लिपी वाचणारे थोडे का होईना आहेत; कमी वापरात आलेल्या लिप्यांचे जाणकार मात्र फारच विरळ झाले आहेत. किल्ली सांगणारा माणूस गेला की अशा लिपीतले चार-दोन पानांचे टिपण उलगडणे अवघड, कारण पुनरुक्ती मोजायला पुरेसा मजकूरच हाताशी नसतो. आता महानुभावांचे तीर्थक्षेत्र असलेल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. भंडारा जिल्ह्यात कोणाच्या घरी अशी पोथी असेल तर ती बासनात तशीच ठेवू नका. महंतांच्या संमतीने तिची छायाचित्रे काढा, घरातल्या वडीलधाऱ्यांना अक्षरांची किल्ली येत असेल तर ती कागदावर उतरवून घ्या, आणि दोन्ही अभ्यासकांपर्यंत पोहोचवा.